दहा दिवसांच्या गोळ्या

“दोन रात्री म्हणजे काय, दोन रात्री? त्या दोन रात्री तू बसणारेस का तिच्या उशाशी, कानात बोळे घालून?”

“ओरडू नकोस, आई जागी आहे. आणि गणित बरोबर आहे.”

“गणित गेलं खड्ड्यात!”

भिंगरीने वही ढकलली तशी पेन्सिल गडगडत ओट्याखाली गेली. घरात त्याला सगळे भिंगरीच म्हणायचे. एका जागी बूड टेकेल तर शपथ. वर्षापूर्वी शाळेला रामराम ठोकून तो सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला लागला होता. बहीण दीड वर्षाने धाकटी, पण वर्गात पहिली, म्हणून तो तिला मास्तरीण म्हणायचा.

मास्तरणीने वाकून पेन्सिल काढली, फ्रॉकला पुसली.

“पुन्हा बघ. हातात सहाशे साठ. बाबांचा पगार दहा दिवसांनी. दिवसाला दोन गोळ्या, म्हणजे वीस. मोठी, कळ थांबवणारी गोळी साठची, साधी पंधराची. मोठ्या क्ष धरल्या…”

“हा क्ष अजून आहे का? मला वाटलं, माझ्याबरोबर त्यानेही शाळा सोडली.”

“…तर साध्या वीस वजा क्ष. साठ क्ष, त्यात पंधरा गुणिले वीस वजा क्ष मिळवायचे, की सहाशे साठ. म्हणजे पंचेचाळीस क्ष बरोबर तीनशे साठ. क्ष आला आठ. आठ मोठ्या, बारा साध्या. रोज रात्री एक मोठी दिली तर दोन रात्री कोरड्या जातात. मी काय करू? क्ष काय मी ठरवला?”

त्या घरात सगळं पगारापासून पगारापर्यंत बेतलेलं असायचं. बाबा बेकरीत भट्टीवर, पगार दर पंधरवड्याला. आई उभी होती तोवर तेलाच्या बाटलीला दोरा बांधून ठेवायची: या दिवसापर्यंत इथवरच. साबण, गॅस, वह्या, सगळं त्याच मापात. आता आईच्या गोळ्याही त्याच मापात बसवल्या होत्या, आणि कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं. उचल तर बाबांची दोनदा घेऊन झाली होती.

पडद्यामागून आईचा आवाज आला. “अरे, भांडताय कशाला? काढीन मी दोन रात्री. उशी चावीन.”

बाबा खिडकीशी पाठमोरे उभे होते, ते तसेच राहिले.

साडेबाराला नर्सबाई आली. एक दिवसाआड यायची. तिने आईची पाठ पुसली, कूस बदलून दिली, पाय हातात धरून जरा जास्त वेळ बघितले. मग ओट्यावरची वही दिसली.

“हे काय मांडलंय?”

मास्तरणीने सांगितलं. नर्सबाईचा चेहरा उतरला. तिने तिघांना खुणेने बाहेर जिन्यात नेलं, दार लोटून घेतलं.

“डॉक्टरांनी दोन्ही वेळेला मोठीच लिहिलीय. दिवसा साधी कुणी काढली?”

“पुरवायच्या होत्या,” बाबा म्हणाले.

“कुठपर्यंत?”

“पगारापर्यंत. दहा दिवस.”

नर्सबाईने जिन्याचा कठडा धरला. “दादा, दहा दिवस धरू नका. पाच धरा. तेही फार झाले.”

भिंगरीला हे नवीन नव्हतं. आईच्या पायांवर जांभळी जाळी उमटलेली त्याने दोन दिवसांपूर्वीच पाहिली होती, आणि पांघरूण ओढून झाकली होती.

नर्सबाई गेली. तिघं पुन्हा वहीभोवती आले. मास्तरणीने दहाच्या आकड्यावर पेन्सिल टेकवली, पण हात पुढे जाईना.

“पाच लिहू नकोस,” बाबा दबक्या आवाजात म्हणाले. “दहाच राहू दे. तू आकडा घातलास की झालंच म्हणायचं.”

“आकड्याने कुणी मरत नाही, बाबा!” भिंगरी भडकला, मग पडद्याकडे बघून त्याने आवाज गिळला. “तिला उशी चावायला लावायची? सहाव्या दिवशी आई असली ना, तर मी माझ्या मालकाचे पाय धरीन. ज्याला म्हणाल त्याचे धरीन. सहाव्या दिवसाचं माझ्यावर सोडा. आज तिला दुखायला नको.”

त्याने पेन्सिल हिसकावली, दहावर काट मारली. पाच लिहिताना टोक मोडलं. उरलेला अर्धा पाच त्याने नखाने कागदावर ओरखडला.

मास्तरीण पुटपुटली, “पाच दुणे दहा. सगळ्या मोठ्या. दहा साठे सहाशे.” ती थांबली. “साठ उरतात.”

या घरात कधी काही उरलेलं भिंगरीला आठवत नव्हतं. मास्तरीण तोंड दाबून रडायला लागली.

बाबांनी चोळामोळा झालेल्या नोटा एकेक करून सरळ केल्या, भिंगरीच्या हातावर ठेवल्या, पण वरचा हात काही काढेनात.

“अकरा घे,” ते म्हणाले. “अर्धा दिवस जास्त धर.”

“बरं.”

“अकराच सांग हां औषधवाल्याला. विसरू नकोस.”

“नाही विसरत. सोडा बाबा हात, दीडला तो शटर ओढतो. मला आता निघायला हवं.”