आईच्या केसांतला डाग

मेकॅनिककाकांनी बाबांचा जुना कॅमेरा साफ करून दिला आणि आमच्या घरात आग लावली. दिला होता खटका अडकतो म्हणून. साफसफाई त्यांनी आपल्या मनानेच केली, वर फुकटात!

डोळा लावून बघतो ते चित्र उमटायला कॅमेऱ्याच्या आत एक धूसर काच असते. तिला फोकसिंग स्क्रीन म्हणतात. आमच्या स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात एक काळा डाग होता, माझ्या जन्माच्याही आधीपासूनचा. काळ्या केसांत तो लपावा म्हणून बाबा तो आईच्या केसांवर बरोबर आणायचे. तिला खुर्चीत बसवायचे आणि सुरू व्हायचे, "डावीकडे सरक. अजून. हनुवटी खाली. हलू नकोस." आम्ही भावंडं रडकुंडीला यायचो. आई मात्र खुशीत सरकत राहायची. आपल्याला एवढं निरखून कुणीतरी बघतं, याचा तिला कोण तोरा!

परवा लग्नाच्या वाढदिवसाला बाबांनी साफ झालेला कॅमेरा डोळ्याला लावला, "छान" म्हणाले आणि खटका दाबला.

आई खुर्चीतच. "एवढंच?"

"नाही म्हणजे... डाग गेलाय ना आता."

"कसला डाग?"

झालं. सगळं बाहेर आलं. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला नाही, घाण बघत होतात?" असं म्हणून आई उशी घेऊन माझ्या खोलीत आली. घरातले सगळे फोटो तिने भिंतीकडे तोंड करून लावले. बाबा शेजारी उभे असताना मला सांगायची, "त्यांना म्हणावं, साखर संपली." शेवटी तिने बॅग भरली. ती मावशीकडे निघाली होती, कायमची.

माझं डोकं फिरलं. मी दोघांना आणि कॅमेऱ्याला उचलून थेट दुकानात नेलं.

"काका, डाग परत बसवून द्या."

"ताई, लोक डाग काढायला येतात."

"आम्हाला घालून हवाय. होता तिथेच."

काकांनी जराही आश्चर्य न दाखवता फळीवरून एक डबी काढली. "गिऱ्हाइकाचा माल मी फेकत नाही," म्हणाले. डबीत कितीतरी कॅमेऱ्यांतून काढलेले कण, केस, किड्यांचे पाय गिऱ्हाइकागणिक वेगवेगळे मांडलेले होते. त्यांनी झाकण उघडलं आणि त्यांना दणदणीत शिंक आली.

"आता सगळी गिऱ्हाइकं एक झाली," काका नाक पुसत म्हणाले.

मग आम्ही चौघं दिव्याखाली टेबलावर वाकून डाग शोधू लागलो. आई रागात होती, पण निवडायला बसली की ती कुणाचं ऐकत नाही. "हा नको, हा कुणाच्या तरी मिशीचा दिसतोय. हा फारच किडमिडा." अखेर तिने एक कण पसंत केला. "हाच. हट्टी दिसतोय."

काकांनी चिमट्याने काच सैल केली, ब्रशच्या टोकाने कण कोपऱ्यात ठेवला. "पण काकू, हा डाग फोटोत येतच नाही हं. हा वरच्या काचेवर असतो, फिल्म तर मागे असते. तुमच्या यांना मी पहिल्याच वेळी सांगितलं होतं. दर वेळी विचारायचो, काढू का? तर म्हणायचे, राहू दे."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा पंख्याकडे बघू लागले. आईने काकांच्या हातातून कॅमेरा घेतला आणि जन्मात पहिल्यांदा डोळ्याला लावला.

"अहो, मधल्या गोलात तुमचे दोन तुकडे दिसतायत."

"पुढची रिंग फिरव. जुळतील."

तिने रिंग फिरवली. मग कॅमेरा हलवत हलवत डाग बाबांच्या डोक्यावर आणला. "हा कुठे लपतोय? पांढऱ्या केसांवर झुरळासारखा दिसतोय!"

"तुझ्याही केसांवर दिसतो," बाबा पुटपुटले. "केस पिकल्यापासून."

"मग मला कशाला सरकवत होतात?"

बाबांनी चपलेच्या अंगठ्याशी चाळा केला. "एकदा 'बरोबर' म्हटलं, की तू उठून कामाला लागतेस."

काका उगाचच फळीवरची एक पुसलेली लेन्स परत पुसू लागले. आईने मात्र कॅमेरा डोळ्यापासून काढला नाही.

"डावीकडे सरका," ती म्हणाली.

बाबा सरकले.

"अजून. हनुवटी खाली. हलू नका."

बराच वेळ गेला. काकांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. "काकू, बंद करायची वेळ झाली."

"थांबा हो जरा," आई म्हणाली. "अजून बरोबर नाही आलं."