चौदा आटे

“ताई, अंक वापस बोलावता येते काय?”

संघपाल दुकानाच्या पायरीवरच उभा होता. एरवी आत पाऊल टाकायच्या आधी ‘जय भीम ताई’ म्हणणारा माणूस, आज तेही विसरला. अमरावतीत कोर्टासमोर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे, आणि दुपारी बारा वाजता तिथे मुंगीला शिरायला जागा नसते. मी एका प्रतिज्ञापत्राच्या मधोमध होते.

“अंक म्हंजे काय उसनी नेलेली वाटी हाये, वापस बोलावाले?” मी म्हणाले. “आत ये. पानी पी. मंग बोल.”

तो आत आला, पण पाणी प्यायला नाही. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याने माझ्या कीबोर्डवर ठेवला. त्याच्या नगरपालिकेची नोटीस होती. ‘दुसरा चंद्र’ या अंकात आपण लिहिलेल्या मजकुरामुळे पाणीपुरवठा विभागाची बदनामी झाली असून आपणास कामावरून कमी का करू नये, याचा खुलासा उद्या सकाळी अकरा वाजता समक्ष हजर राहून करावा. असल्या नोटिसांची उत्तरं मी दिवसाला चार टाइप करते. पण हिच्यात माझ्या अंकाचं नाव होतं.

‘दुसरा चंद्र’ हा आमचा हौशी अंक, विज्ञानकथांचा आणि अद्भुतकथांचा. वर्षातून दोनदा निघतो. दीडशे प्रती अकोल्यात छापून घेतो, बाकी मोबाइलवर फिरतो. लिहिणारेही असेच. तेल्हाऱ्याचा एक कंपाउंडर आहे, त्याच्या कथेत दर वेळी सूर्य विझतो. अचलपूरची दामिनी ब्लाउज शिवते आणि राक्षसांवर लिहिते. संपादक मी, कारण टायपिंग मला येतं. आणि या सगळ्यांत खरा लेखक एकच, संघपाल. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. ती माझी खोडच आहे.

संघपाल व्हॉल्व्हमन. त्याचं गाव अकोला-अमरावती रस्त्याच्या आसपास आहे असं समजा. नाव सांगत नाही, आणि माणसांची नावंही बदलली आहेत. आधीच झाली तेवढी भानगड पुरे आहे. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, खालच्या व्हॉल्व्हवर लांब चावी बसवायची आणि आटे फिरवायचे, की त्या वस्तीला पाणी सुटतं; जितके आटे जास्त, तितकी धार मोठी. गावाचे सहा झोन, प्रत्येकाला पाचव्या दिवशी पाणी. हे काम तो सतरा वर्षं रोजंदारीवर करत होता. यंदा कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव तिसरं होतं, आणि ती यादी परवाच्या सभेत मंजूर व्हायची होती.

त्याच्या कथेचं नाव ‘मंगळावरचा व्हॉल्व्हमन’. मंगळावर माणसांनी वस्ती केलेली, सहा मोठे काचेचे घुमट, बर्फ वितळवून काढलेलं पाणी, आणि ते सोडणारा एकटा माणूस. वरच्या हुकमाने तो सहाव्या घुमटाला कमी पाणी सोडतो, आणि त्याच घुमटात त्याची बायको राहते. संपली तशी मी ती पुन्हा पहिल्यापासून वाचली होती. पण मी पडले संपादक! शिंगं फुटली होती मला. समासात लाल पेनने लिहिलं, ‘कमी म्हणजे किती? विज्ञानकथेत आकडा लागतो. मोघम चालणार नाही.’

त्याने आकडा घातला. पाच घुमटांना बावीस आटे, सहाव्याला चौदा.

“मले दुसरा आकडा कुठून सुचन, ताई?” तो आता म्हणत होता. “सतरा वर्षं झाले, हातालेच पाठ हाये. बावीस, बावीस, बावीस, अन् आमच्या वस्तीले चौदा. लिहाले बसलो तं थोच उतरला.”

“तुमच्या वस्तीले?”

“हाव. सहावा झोन. मी तथीच राह्यतो ना. आमच्याकडचं दाबलं का मंग साहेबाच्या कॉलनीत वरच्या टाकीपावतर पानी चढते. मी आलो तवापासून थोच हुकूम हाये. तोंडी.”

मी खुर्चीत मागे टेकले. तो घुमट, ती बायको, सगळी कल्पनाशक्ती समजत होते मी. ‘काय सुचते बावा तुले’ असं त्याला कळवलंही होतं.

“पन पकडलं कोनं?”

“जाईमायनं.”

जाईबाई त्याच्याच गल्लीतली, सत्तरीची. गल्लीत नळ एकच, सार्वजनिक. पाण्याच्या दिवशी ती ओट्यावर बसून संघपालचे आटे मोजते. चौदा झाले की उठते आणि कळशी घेते. तिला वाटत होतं, पाणी चौदा आट्यांतच येतं, साऱ्या दुनियेत. नातीने मोबाइलवर कथा वाचून दाखवली आणि ‘बावीस’ ऐकल्याबरोबर म्हातारी ताडकन उठली. त्या पानांची प्रिंट काढून ती बाया घेऊन नगरपालिकेत गेली. मंगळ वगैरे तिने सोडून दिलं, आकडा तेवढा धरला.

मी दुकानाचं शटर ओढलं. प्रतिज्ञापत्रवाला ओरडत राहिला.

“मी येते तुह्यासंग. साहेबाले सांगते, आकडा मी टाकला. संपादक आगाऊ असतात, टाकतात मनानं.”

“तुमाले खोटं बोलता येते काय, ताई?”

“कोर्टासमोर दुकान हाये माह्यं,” मी म्हणाले.

तो हसला नाही. बसमध्ये दीड तास तो खिडकीबाहेर पाहत होता, आणि मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या मोजत होते.

घरी भावना, त्याची बायको, चूल पेटवून बसली होती. मला बसायला पाट दिला, चहा दिला. नवऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

“ताई, तुमाले मालूम होतं?”

“नाई गं बाई. मले आजच समजलं.”

“मले अंकातून समजलं.” ती चुलीकडे बघत बोलत होती. “पंधरा वर्षं त्या नळावर भांडले मी. जाईमायसंग भांडले, देवळाजवळच्या बायाईसंग भांडले. एका हंड्यासाठी एकीच्या झिंज्या धरल्या. अन् हे माणूस घरी येऊन, हात धुऊन, जेवाले बसत होतं.”

“तुले सांगतलं असतं तं तू गप बसली असती?” संघपाल दारातूनच म्हणाला.

“नसती बसली.”

“मंग मी कामावर राह्यलो असतो काय? घर कशावर चाललं असतं?”

भावना उठली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नीट होता.

“मंगळावरच्या बायकोले सांगतलं ना तुमी? शेवटच्या पानावर. त्यानं सारं कबूल केलं तिच्यापाशी, अन् थे रडली, अन् त्याले माफ केलं. तिले सांगता आलं. मले नाई.”

 मी कप घेऊन मोरीकडे गेले. त्या घरात त्या घडीला संपादकाचं काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही साहेबांच्या केबिनमध्ये होतो. दारात जाईबाई आणि दहा-बारा बाया, त्यांच्या मागे भावना. साहेब पाणीपुरवठ्याचे मुख्य, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. त्यांनी कागद आधीच तयार ठेवला होता. ‘मला या विषयाची पुरेशी माहिती नसताना मी खोटे आकडे लिहून जनतेची दिशाभूल केली. याबद्दल माफी मागतो व पुढील अंकात तसे प्रसिद्ध करतो.’

“सही कर आणि कामाला लाग,” साहेब म्हणाले. “यादी उद्याच आहे. उगाच अडकू नको.”

“साहेब, आकडे मी घातलेत,” मी म्हणाले. “संपादक म्हणून.”

“हो का? मग सांगा बरं बाई, आटा म्हणजे काय?”

 अहो, दोन ओळी पाठ करून आले होते, पण त्यांनी भलतंच विचारलं.

“ताईचा काई संबंध नाई,” संघपाल म्हणाला. “कथा माही हाये. आकडे बी माहेच.”

“मंग सांग ना!” जाईबाई दारातून कडाडली. “सांग साहेबापुढं. चौदा का बावीस? मी मोजले हायेत, माह्या डोयानं पाहून मोजले. तू लिहिलं थे खरं हाये ना? आमी तुह्याच भरोशावर आलो अथीसा!”

सगळ्या बाया त्याच्याकडे पाहू लागल्या.  खरं बोलला तर काम गेलं. उद्या चावी दुसऱ्याच्या हातात, आणि त्यालाही तोच तोंडी हुकूम. सही केली तर या बायांना तोंड दाखवायची सोय नाही. साहेबांनी पेन पुढे केलं. संघपालने ते घेतलं आणि कागद पुन्हा वाचला. एकदा त्याने मान वर करून भावनाला शोधलं.

“सही करतो, साहेब,” तो म्हणाला. दारात एकदम कालवा झाला. तो थांबला, पुन्हा बोलला, “पन याच्यात एक गोष्ट राह्यली. मी लिहिलेला आकडा खोटा, कबूल. मंग खरा कोनता, थे बी लिहा ना. नाईतर ह्या बाया उद्या पुन्हा येतीन.”

“खरा म्हणजे काय? सगळ्यांना सारखंच सोडतो आपण,” साहेब बायांना ऐकू जाईल असं म्हणाले. “सहाही झोनला बावीस.”

“मंग बावीस लिहा.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तीस वर्षं कागद टाइप केलेत मी. कोणता शब्द कुठे बसवला की माणूस कुठे अडकतो, तेवढं मला कळतं. मी कोपऱ्यात कॉम्प्युटरवर बसलेल्या बाबूला उठवलं आणि त्याच्या खुर्चीत बसून माफीच्या मजकुराखाली टाइप केलं, ‘शहरातील सहाही झोनला प्रत्येक वेळी बावीस आटे उघडूनच पाणी सोडण्यात येते व यापुढेही सोडण्यात येईल.’ खाली दोन सह्या, एक खुलासा देणाऱ्याची, एक अधिकाऱ्याची. प्रती तीन, पैकी एक सहाव्या झोनच्या रहिवाशांना.

‘यापुढेही’पाशी साहेबांचं पेन अडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग संघपालकडे. त्यांना कळलं होतं. पण दारात बारा बाया होत्या, आणि बावीस हा शब्द साहेबांनी स्वतःच्या तोंडाने उच्चारला होता. त्यांनी सही केली. शिक्का मारताना टेबल हललं.

मग संघपालने आपल्या नावासमोर सही केली.

“थू तुह्या जिंदगानीवर!” जाईबाई म्हणाली. “नोकरीसाठी शब्द फिरवला. तुह्या बापानं उपास काढले, पन खोटं नाई बोलला.”

“चुकलं माह्यं, जाईमाय,” संघपाल म्हणाला, आणि बायांमधून वाट काढत बाहेर गेला. भावना त्याच्यामागे धावली.

यादी मंजूर झाली. तिसरं नाव गळालं होतं. ‘पुढच्या खेपेला पाहू’ असं त्याला सांगण्यात आलं. सही घेऊन वाद मिटवल्यामुळे काढता मात्र आलं नाही. तो रोजंदारीवरच राहिला.

मी पेटून उठले. सगळं खरंखुरं लिहून संपादकीयात छापायचं ठरवलं आणि त्याला फोन केला.

“अजिबात नाई, ताई,” तो म्हणाला. “चौदा खरे होते म्हटलं का थो कागद गेला. साहेब म्हनतीन, चौकशी होऊ द्या. अन् चौकशी होतवर चौदाच. मी खोटा राह्यलो तरच कागद खरा राह्यते. तुमी जसंच्या तसं छापा.”

“अन् तुह्यी पुढची कथा?”

“ज्या माणसाले विषयाची माहिती नाई, त्याची कथा कोन वाचते, ताई?”

फोन ठेवून मी दुकानात बसून रडले, गिऱ्हाइकांसमोर. मग टाइप केलं. ‘लेखकास विषयाची पुरेशी माहिती नव्हती.’ खाली त्याचं नाव. इतकी वर्षं मी लोकांसाठी खोटं टाइप करत आले, पण एवढं जड कधी गेलं नव्हतं.

अंक घेऊन मीच त्याच्या गावी गेले. पाण्याचा दिवस होता. संघपाल गल्लीच्या तोंडाशी झाकण उचलून वाकला होता. नळावर रांग होती, आणि पाण्याची धार अशी जोरात की पहिला हंडा बघता बघता भरला. बाया खुशीत होत्या.

“आपून गेलो म्हनून हे पानी पाह्यलं,” एकजण म्हणाली. “या खोटारड्याच्या भरोशावर राह्यलो असतो तं झालं होतं.”

भावनाने मान वर केली. तिचे ओठ हलले. समोरून संघपालने तिच्याकडे पाहून नाही अशी मान हलवली आणि पुन्हा खाली वाकला.

“अवो भावना,” जाईबाई म्हणाली, “तुह्या नवऱ्याले सांग, पुन्हा लिहाच्या भानगडीत पडू नोको म्हना. ज्याचं त्याले शोभते.”

“सांगते, माय,” भावना म्हणाली. तिने आपली अर्धी भरलेली घागर बाजूला ओढली आणि म्हातारीची कळशी नळाखाली लावली.