प्रश्नांची उजळणी

आमच्या ह्यांचं आणि माझं त्या सकाळी चुलीपुढेच वाजलं. मी म्हटलं, दोन घास तरी पोटात ढकला. तर माझ्यावरच खेकसले, "घशाखाली उतरत नाही, दिसत नाही का तुला?"

राग माझ्यावर नव्हता, नव्या अभ्यासक्रमावर होता. पाढे घोकून घेण्यात ह्यांची हयात गेली. आता वरून हुकूम आला, घोकंपट्टी बंद, मुलांनी आपणहून प्रश्न विचारले पाहिजेत. ते विचारतात का, हे बघायला साहेब येणार होते. शेरा वाईट पडला की डोंगरापलीकडे बदली. इथे सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना टाकून जायचं कसं? भीती मलाही होती, मी फक्त दाखवत नव्हते.

मग ह्यांनी काय करावं? मुलांकडून प्रश्नच पाठ करून घेतले. जित्याची खोड, दुसरं काय! पहिल्या रांगेनं विचारायचं, पाऊस कुठून येतो. दुसरीनं, ढग काळे का असतात. आठवडाभर तेच चाललं होतं.

शाळेची मागची खिडकी आमच्या अंगणाकडे उघडते. मी धान्य पाखडायला मुद्दाम तिथेच बसले. शेतातली धूळ वाऱ्यावर अशी उठली होती की डोळे उघडवत नव्हते, पण माझे हात सुपात, कान शाळेत आणि पदराआडून नजर खिडकीत.

साहेब आले, मागच्या रांगेत बसले आणि म्हणाले, पावसाचा धडा राहू द्या, आज बियांचा घ्या. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कसंबसं फळ्यावर एक बी काढलं. लगेच पहिल्या रांगेतलं एक पोर उठलं, "पाऊस कुठून येतो?" दुसऱ्या रांगेतून आवाज आला, "ढग काळे का असतात?" पोरांचा काय दोष? पाठ केलेलं त्यांनी इमानानं म्हटलं. ह्यांच्या हातातला खडू गळून पडला. मला वाटलं, संपलं, आता बोचकी बांधायची.

तेवढ्यात सुताराची धाकटी बोलली. ही पोर एरवी तोंडातून शब्द काढत नाही.

"गुरुजी, तुमचे हात का थरथरतायत?"

हे खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "घाबरलोय, बाळ. ही नवी रीत मला अजून जमत नाही."

मग पोरं सुटलीच. मोठ्यांनाही भीती वाटते? साहेब तुम्हाला मारणार का? मग तुम्ही आम्हाला कशाला भीती घालता? ह्यांनी प्रत्येकाला खरं ते सांगितलं. खिडकीबाहेर मला रडू आवरेना.

साहेब बेहद्द खूश. जाताना म्हणाले, पुढच्या महिन्यात आसपासच्या गावांतले सगळे शिक्षक इथे आणतो. त्यांना हाच वर्ग दाखवा, अगदी असाच.

आगीतून फुफाट्यात! दुसऱ्या दिवसापासून खिडकीतून पुन्हा उजळणी ऐकू यायला लागली. "गुरुजी, तुमचे हात का थरथरतायत?" परत. आणखी एकदा. "मोठ्यानं, बाळ. मागे बसलेल्यांना ऐकू गेलं पाहिजे."

काल सुतारीण आमच्या अंगणात आली. म्हणाली, पोर झोपेत तेच बडबडते, शाळेचं नाव काढलं की पोट दुखतं म्हणते.

"वहिनी, ती मला विचारते, मी विसरले तर गुरुजींना इथून घालवतील का?"

मी सूप पुढे ओढलं आणि धान्य पाखडायला लागले.