अर्ध्या पात्याची तलवार

मी एक जुनी तलवार आहे, मित्रांनो, पण घाबरून मागे सरकू नका. माझ्याकडून आजवर साधी काकडीसुद्धा चिरली गेलेली नाही. तलवारीच्या कुळात जन्म घेऊन कुणाच्या बोटालाही ओरखडा न काढलेली माझ्यासारखी दुसरी शोधून सापडायची नाही. मला ह्याची लाज वाटत नाही, उलट थोडा तोराच आहे.

माझा जन्म एका वेल्श खोऱ्यातल्या कूम रेदिन गावच्या ग्रामर स्कूलमध्ये झाला. मोठे युद्ध नुकतेच संपले होते, लोणी-साखर मोजून मिळत होती आणि लाकूड तर औषधालाही मिळत नव्हते. शाळेत सुतारकाम शिकवायला एमलिन बेनन नावाचे सर होते. एक मार्चला, वेल्श लोकांचे संत सेंट डेव्हिड ह्यांच्या दिवशी, शाळेत गाण्याची, पाठांतराची आणि कवितेची चढाओढ व्हायची. ज्याची कविता पहिली येईल त्याला वाजतगाजत खुर्चीवर बसवायचे. युद्धात बंद पडलेली ही रीत पुन्हा सुरू करायचे ठरले आणि खुर्चीचे काम बेनन सरांकडे आले. त्यांनी शाळेतले चांगले ओकचे लाकूड एकूण एक त्या खुर्चीला घातले. मग कुणीतरी आठवण करून दिली, "सर, तलवार?"

तर तलवारीचे असे आहे. कवी खुर्चीपुढे उभा राहिला की त्याच्या डोक्यावर मुख्याध्यापक तलवार आडवी धरतात, म्यानातून अर्धी बाहेर काढतात आणि सभेला विचारतात, "सलोखा आहे का?" सभा ओरडते, "सलोखा!" असे तीनदा झाले की तलवार म्यानात जाते आणि कवी खुर्चीत बसतो. सलोखा नसेल तर तलवार म्यानात जाणार नाही आणि कवीही बसणार नाही. पूर्ण उपसणे मात्र ह्या रीतीत नाहीच.

बेनन सर पैशापैशाचा विचार करणारे. त्यांनी उरलेला ॲश लाकडाचा तुकडा हातात धरून बराच वेळ पाहिला. जे पाते जन्मात कुणाला दिसायचे नाही, ते करायचे कशाला? त्यांनी मूठ केली, पूर्ण लांबीचे म्यान केले आणि पाते मात्र अर्ध्याच्या चार बोटे पुढेच थांबवले. वर सायकलीचा उरलेला चंदेरी रंग दिला.

"अर्धी तलवार?" त्यांची बायको म्हणाली, "उद्या शिंप्याला अर्धी विजार शिवायला सांगशील!"

"शिंपी पैसेही अर्धे घेत असेल तर सांगीन."

असे माझे गुपित त्या नवरा-बायकोला आणि मला एवढ्यांनाच ठाऊक होते.

मला शाळेच्या सभागृहात, घड्याळाच्या शेजारी टांगले. शाळेत सभागृह एकच. सकाळी तिथे प्रार्थना, मग कसरत, दुपारी जेवण, जूनमध्ये परीक्षा. त्यामुळे माझ्या नजरेतून काही सुटत नसे. प्रार्थनेत कोण तोंडाची नुसती उघडझाप करतो, कोण मागच्या रांगेत लॅटिनचा गृहपाठ उतरवतो, काळे गाऊन घातलेले कोणते सर मंचावर बसल्या बसल्या डुलकी काढतात, हे मला विचारा. हिवाळ्यात दुधाच्या बाटल्या गोठत, त्या मुले गरम रेडिएटरजवळ मांडून ठेवत. दुपारी उकडलेल्या कोबीचा वास येई, तो चारच्या घंटेपर्यंत पडद्यांना सोडत नसे. आणि सेंट डेव्हिडच्या दिवशी मुली डॅफोडिलची फुले लावून येत, तर मुलगे कोटाला लीक अडकवून येत. लीक म्हणजे पातीच्या कांद्याचा थोरला भाऊ समजा, आणि वेल्श लोकांचे मानचिन्ह. कुणाचा मोठा ह्यावरून मारामाऱ्या होत आणि दुपारपर्यंत बहुतेकांनी तो कच्चाच चावून संपवलेला असे. मग गणिताचे सर खिडक्या उघडत म्हणत, "ज्यांनी देशभक्ती खाल्ली आहे, त्यांनी मागे बसा."

आयर्लिस मथायस आणि ग्विलिम प्यू ह्या दोघांना मी पहिल्या वर्षापासून ओळखते. एकाच चाळवजा रांगेत शेजारी शेजारी त्यांची घरे. दोघेही अकराव्या वर्षीची परीक्षा पास होऊन एकाच बसने शाळेत आले. जेवायला माझ्याच खाली, एकाच बाकावर बसत. तो तिचा कोबी खाई आणि बदल्यात तिला आपल्या खिरीवरचा जॅम देई. एकदा ती त्याच्या कानाशी लागली.

"काल परत दिसला. पुलाखाली."

"खंड्या? निळा?"

"निळा नाही तर काय, कावळा असेल?"

त्यांच्या घरामागच्या ओढ्यावर एक दगडी पूल होता आणि त्याखाली दोघांची बसायची जागा. तिथला खंड्या पक्षी फक्त त्यांचा. तो कुणाला सांगायचा नाही अशी शपथ झालेली. मला भिंतीवरून ऐकू आले, त्याला इलाज नाही.

मग कूम रेदिनच्या चॅपेलात, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात, ऑर्गनवरून भांडण पेटले. आयर्लिसची आई म्हणाली, ऑर्गन घ्यावा, मी वाजवीन. ग्विलिमचे वडील ट्यूडर प्यू गावातला सगळ्यात खोल आवाज असलेला माणूस. ते म्हणाले, "देवाने गळा दिलाय, त्याला भाता कशाला?" बोलाचाली झाली, वर्गणी परत मागितली गेली आणि एका रविवारी अर्धे गाव चॅपेल सोडून सोसायटीच्या दुकानाच्या माडीवर प्रार्थना करू लागले. देव तोच, स्तोत्रे तीच, बदलले फक्त फुटपाथ. ऑर्गनवाले डाव्या बाजूने चालत आणि गळेवाले उजव्या. दोन घरांच्या मधल्या भिंतीवरून साखरेची वाटी जायची बंद झाली आणि पोरांना एकमेकांशी बोलायची बंदी झाली.

सभागृहात ती दोघे पाठीला पाठ करून वेगवेगळ्या बाकांवर बसू लागली. ताटात कोबी पडला की दोघेही मागे वळता वळता थांबत. दोन वर्षे हे मी पाहिले. अशा वेळी खऱ्या तलवारीला काय वाटले असते कोण जाणे, पण मला लाकडाची असूनही कसेसेच होई.

त्या वर्षी कवितेचा विषय होता 'पूल'. कविता टोपणनावाने द्यायची. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळे सुटी, मोठी अक्षरे काढत. वेल्श शिकवणाऱ्या मिस रॉसर कविता गोळा करायच्या. दुपारी खुर्चीच्या समारंभाला आईबापही आले. मधल्या वाटेच्या डावीकडे ऑर्गनवाले बसले, उजवीकडे गळेवाले. कुणी सांगितले नव्हते, पाय आपोआप तिकडे वळले. मंचावर मुख्याध्यापक लॉडविक सर मला हातात धरून उभे होते. परीक्षक होते डोंगरापलीकडचे एक वयस्कर पाद्री. त्यांनी पहिल्या कवितेची तोंड भरून स्तुती केली, पण तिची एक ओळही वाचली नाही. मग कर्णा वाजला आणि ते म्हणाले,

"पुलाखालचा खंड्या, आणि फक्त तोच, उभा राहो!"

मुलींच्या रांगेत आयर्लिस उभी राहिली. मुलग्यांच्या रांगेत ग्विलिमही उभा राहिला.

सभागृहात कुजबुज उठली. दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"तू?" ग्विलिम म्हणाला.

"तू?" आयर्लिस म्हणाली. दोन वर्षांतले हे त्यांचे पहिले बोलणे.

"एका पुलाखाली दोन खंडे?" पाद्रीबुवांनी चष्मा काढला. लॉडविक सरांनी मिस रॉसरकडे पाहिले. त्या लाल झाल्या. "मला वाटलं, एकाच मुलाने दोन कविता दिल्या असतील, सर. असलं नाव दोघांना कसं सुचेल?"

कसे सुचेल, ते फक्त मला ठाऊक होते. बंदी आवाजाला घातली होती, आठवणीला घालायची राहून गेली होती.

पाद्रीबुवांनी कागद वर धरला. "पहिली ओळ वाचतो. ज्याची असेल त्याने दुसरी म्हणावी. 'पाण्याला विचारा, पूल कुणाचा?'"

ग्विलिमचा चेहरा उतरला. "माझी नाही. माझ्या कवितेत मासे होते."

आयर्लिस हळू आवाजात म्हणाली, "'दोन्ही काठ म्हणतात, आमचा.'"

ती ओळ सभेला नको तिथे लागली. मानकरी मुलांनी आयर्लिसला मंचावर आणून खुर्चीपुढे उभे केले. ग्विलिम रांगेतून मधल्या वाटेत आला होता, तो तिथेच उभा राहिला. त्याचे कान पेटले होते, परत बसायचे कसे हेच त्याला कळेना. उजवीकडून कुणीतरी पुटपुटले, "नाव दोघांचं, मग खुर्ची तिचीच कशी? ऑर्गनवाल्यांना पाद्रीसुद्धा बरे सापडतात."

डावीकडून उत्तर आले, "हरायलासुद्धा गळा लागतो म्हणावं!"

लॉडविक सरांनी घाईघाईने मला आयर्लिसच्या डोक्यावर धरले आणि अर्धी बाहेर काढली. "सलोखा आहे का?"

"सलोखा!" डावी बाजू ओरडली. उजवी बाजू गप्प. त्या घरांतल्या पोरांनी तोंडे उघडली होती, ती आईबापांकडे पाहून मिटली.

"सलोखा आहे का?"

पुन्हा अर्धीच सभा बोलली, आणि तीही ह्या खेपेला जरा दबकत. इतकी वर्षे हा प्रश्न लोकांनी शेजाऱ्याच्या 'कसं काय, बरंय?' सारखा घेतला होता. त्या दिवशी पहिल्यांदाच लोकांना तो खरेच विचारल्यासारखा वाटला.

"सलोखा आहे का?"

आता कुणीच बोलेना. आयर्लिस खुर्चीकडे पाहत नव्हती, वाटेत उभ्या असलेल्या ग्विलिमकडे पाहत होती. ती मान खाली घालून पळून जाईल की काय, असे मला वाटले. रीत मोडली तर त्या दोघांमधली भिंत जन्माची पक्की होणार होती.

आणि इकडे माझी वेगळीच पंचाईत झाली. लॉडविक सर अस्वस्थ झाले की त्यांचा हात गाऊनची बाही ओढत राही. आज हातात बाही नव्हती, मी होते. शांतता वाढू लागली तसे ते मला म्यानातून बोट बोट बाहेर ओढू लागले. मागच्या रांगेत बेनन सर अर्धवट उठून उभे राहिले, त्यांच्या कपाळावर घाम आला. आणखी दोन बोटे, की पाते संपले! भरल्या सभेत, भांडणाऱ्या गावासमोर, सलोख्याची तलवार बुडखा दाखवणार!

"सलोखा!"

ग्विलिम ओरडला. त्याचा आवाज त्या वर्षी फुटत होता. शब्द सुरू झाला बापाच्या आवाजात आणि संपला कोंबडीच्या. कुणीतरी फिसकन हसले.

ट्यूडर प्यूंचा चेहरा पिळवटला. त्यांना ऑर्गन आवडत नसे, हरणे आवडत नसे, पण बेसूर तर मुळीच सहन होत नसे. त्यांच्या बायकोने कोपर ढोसले. मी अगदी स्पष्ट ऐकले.

"पोराचा सूर गेला. सावरणार आहेस, की तसाच बसणार आहेस भोपळ्यासारखा?"

ट्यूडर प्यू उठले. "सलोखा," त्यांनी खालच्या षड्जात सूर लावला, अगदी खाणीच्या तळातून आल्यासारखा. मग काय! ह्या खोऱ्यातल्या माणसाला एक सूर मिळाला की त्यावर दुसरा बसवल्याशिवाय घास गोड लागत नाही. उजवीकडच्या पुरुषांनी मधला सूर धरला, बायकांनी वरचा. डावीकडचे तरी किती वेळ थांबणार? त्यांनीही आपला सूर त्यात घातला. आयर्लिसची आई मिसेस मथायस गात होत्या, आणि मांडीवर त्यांची बोटे ऑर्गनच्या नसलेल्या पट्ट्या दाबत होती. तो शब्द ओरडल्यासारखा नाही, गाण्यासारखा सभागृहभर पसरला. घड्याळाची काचसुद्धा थरथरली.

लॉडविक सरांनी मला खटकन म्यानात घातले. बेनन सर मटकन खाली बसले. आणि आयर्लिस खुर्चीत बसली.

पुढच्या सोमवारी कोबी होता. ग्विलिम बाकावर उलटा वळला.

"संपवू का तुझा?"

"दोन वर्षांत तुझी भूक काही कमी झाली नाही," आयर्लिसने ताट पुढे सरकवले. "जॅम दे आधी. मागचाही राहिलाय."

दोन चॅपेले काही एक झाली नाहीत. अर्ध्या पात्यात तेवढी जादू नव्हती. पण भिंतीवरून साखरेची वाटी पुन्हा जाऊ लागली, आणि पुढच्या प्रत्येक मार्चमध्ये तो प्रश्न विचारला की लोक आधी पलीकडच्या बाजूला पाहत आणि मग उत्तर देत. मला त्या एका क्षणासाठी वर्षभर भिंतीवर लटकायला काही वाटत नसे.

मग दिवस पालटले. ग्रामर स्कूल बंद झाले. खोऱ्यातल्या सगळ्या मुलांसाठी, परीक्षा पास झालेल्या आणि न झालेल्या, एकच मोठी शाळा निघाली. ते बरेच झाले म्हणते मी. एकाच घरातली दोन भावंडे दोन वेगळ्या शाळांच्या टोप्या घालून निघताना मला कधी आवडली नाहीत. पण सामान हलवताना मला कुणी विचारले नाही. शिपायाच्या अडगळीत, मोडक्या हॉकीस्टिकांच्या ढिगात मी पडून राहिले. म्यान ओल धरून फुगले. कधी कुणी मला दाराला अडसर म्हणून लावले, कधी पडद्याची दांडी म्हणून. चंदेरी रंग उडाला आणि खालचे लाकूड उघडे पडले. बेनन सर गेल्याचे मला त्या अडगळीतच कळले, दोन शिपायांच्या बोलण्यातून.

शेवटी मला शोधून काढले ते नव्या शाळेतल्या वेल्शच्या बाईंनी. केस पिकले होते, पण मी ओळखले. आयर्लिस! ग्विलिम आता दूरच्या शहरात दातांचा डॉक्टर आहे. सुट्टीला आला की दोघे आपापली नातवंडे घेऊन पुलाखाली जातात, असे मी ऐकते. खंड्या दिसतो की नाही, ते अजूनही कुणाला सांगत नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही शाळेच्या अडगळीत माझ्यासारखे कुणी पडले असेल, तर त्याला एकदा उन्हात ठेवा, फडके मारा. आम्हा जुन्या वस्तूंना कौतुक नको, कोरडी जागा हवी. आणि कधी कुणाला 'सलोखा आहे का' असे विचारलेत, तर उत्तर येईपर्यंत थांबा. ते पलीकडच्या बाजूने यायला वेळ लागतो.

परवा बाईंनी मला वर्गात नेले. पहिल्या बाकावरच्या एका दांडगोबाने, नको नको म्हणेपर्यंत, मूठ धरून मला सर्रकन पूर्ण उपसले. आयुष्यात पहिल्यांदाच. वर्ग हसायला लागला.

"बाई, ही तर अर्धीच आहे! तुटली!"

आयर्लिसने मला हातात घेतले. बेनन सरांनी घासून गुळगुळीत केलेल्या टोकावर तिने अंगठा फिरवला. तो तुटल्याचा खरखरीतपणा नव्हता. तिला लॉडविक सरांचा हात आठवला असावा, आणि मागच्या रांगेतले घामेजलेले बेनन सरही. कारण ती हसता हसता खुर्चीवर बसली आणि डोळे पुसू लागली.

"तुटली नाही रे," ती म्हणाली. "तेवढीच लागते."