फोटोत माणूस नको

शेवटच्या रविवारी आईनं मला तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पुढच्या महिन्यात पाणीपुरवठ्यातल्या अभियंत्यांची वार्षिक सभा होती. तिथं बोलायला तिला बोलावलं होतं, एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. तिचं काम जमिनीखालची गळती ऐकण्याचं. हातात एक लांब पोलादी सळई, तिच्या वरच्या टोकाला वाटीएवढी लाकडी चकती. खालचं टोक रस्त्यावर टेकवायचं, चकतीला कान लावायचा आणि पाइप नेमका कुठे फुटलाय ते सांगायचं. ऑफिसात तिला डॉक्टरीणबाई म्हणत. कुठेतरी पाणी मुरतंय, असं लोक नुसतं म्हणतात. तिला ते ऐकू यायचं.

माझं काम स्लाइड्स करण्याचं. कंपन्यांचे साहेब सभेत बोलतात तेव्हा त्यांच्यामागे पडद्यावर जे दिसतं ते मी बनवते. आई मला दाखवत होती ती लेक म्हणून की जाणकार म्हणून, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. मला सहाला निघायचं होतं.

पहिल्याच स्लाइडवर पडदाभर फोटो. रिकामा रस्ता, आणि उजवीकडे आई: नारंगी जाकीट, एक गुडघा जमिनीला टेकलेला, सळईला कान, डोळे मिटलेले. तिच्या अंगावरून पिवळ्या अक्षरांत अकरा ओळी.

"आई, हा फोटो आहे की मजकूर? एक काय ते ठरव."

"दोन्ही."

"लोकांनी वाचायचं की बघायचं? आणि अक्षरांच्या मागच्या फोटोत माणूस नको. डोळा आधी माणसाकडे जातो."

"जाऊ दे की. इतकी वर्षं कुणाचा गेला नाही."

मी हसले. आई विनोद करायची तो चेहऱ्याची रेघही न हलवता, त्यामुळे तिचा कुठला विनोद आणि कुठला नाही, हे कळायला वेळ लागायचा. मी तिला नेहमीचं सगळं सांगितलं. अक्षरांमागे गडद पट्टी टाक, जराशी पारदर्शक ठेव. शब्द कमी कर. आलेख फोटोवर ठेवू नकोस, त्याला कोरी स्लाइड दे. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहा आणि वाचता येतंय का बघ. तिनं ते परीक्षेला बसणाऱ्या मुलीसारखं वहीत उतरवून घेतलं. मी पर्स उचलली तेव्हा तिनं विचारलं,

"पण बाकी कसं झालंय?"

"फॉन्ट मोठा कर," मी चपला घालता घालता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ऑफिसच्या जिन्यात ती दम खायला बसली आणि उठली नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

दोन आठवड्यांनी ऑफिसातून तिची पिशवी घरी आली. चष्मा, पाण्याची बाटली, ती वही, दोन पेनं. पेन ड्राइव्ह नव्हता. आई फाइल तिथंच ठेवायची; लॅपटॉपवर मला फक्त मूळ फोटो सापडले. मी ऑफिसात विचारायला फोन केला तेव्हा फोन नकाशेकाकांकडे देण्यात आला.

नकाशेकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. गावभरच्या पाइपांचे नकाशे त्यांच्या ताब्यात, म्हणून आई त्यांना घरी तसं म्हणायची आणि आम्हालाही तीच सवय लागली. वीस वर्षं दोघांचं एकच भांडण. नकाशा म्हणायचा पाइप रस्त्याच्या डावीकडे, आईचा कान म्हणायचा उजवीकडे. खणल्यावर बहुतेक वेळा कान खरा ठरायचा, आणि तो कधी कधी वरिष्ठांच्या देखत ठरायचा. तरी अहवालाखाली सही नकाशेकाकांचीच. सही कुणाची का असेना, पाणी थांबलं ना, असं आई म्हणायची. मला मात्र ते तेव्हाही खटकायचं.

फोनवर ते म्हणाले, पेन ड्राइव्ह माझ्याकडे आहे, काळजी नको. सभेत आता तेच बोलणार होते, साहेबांनी तसं सांगितलं होतं. मी फाइल मागितली. त्यावर एवढंच, "सभेतच बघ ना बाळ." हा माणूस एरवी हवापाण्याबद्दल विचारलं तरी अर्धा तास सोडायचा नाही.

चार दिवसांनी सभेची पत्रिका आली. विषय आईचा, शब्द न् शब्द तिचा. खाली नाव त्यांचं. तिचं नाव कुठेच नाही, मी कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

मी ऑफिसात त्यांच्या खोलीत गेले. भिंतीभर नकाशांच्या गुंडाळ्या, प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. मी दारात दिसताच त्यांनी लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं मला वाटलं. पण त्याआधी मला दिसायचं ते दिसलं होतं. तोच रस्ता, तोच उजेड. आणि जिथं आई होती तिथं वरपासून खालपर्यंत एक काळी पट्टी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत चार ओळी.

"छान जमलीय की स्लाइड," मी म्हणाले.

"हो ना?" त्यांचा चेहरा खुलला. मला त्या खुलण्याचीच चीड आली.

त्यानंतरचे आठ दिवस मी दुसरं काही केलं नाही. आईनं त्यांच्याबद्दल कधीकाळी बोललेलं एकेक वाक्य आठवून तपासलं, आणि शंका घेऊन पाहिलं की कुठलंही वाक्य काळं दिसतं. "ते फार जपून असतात" म्हणजे काय? "त्यांना सगळं लागतं" म्हणजे काय लागतं? जिवंतपणी तिची सही गेली, आता ती फोटोतूनही गेली. मी ठरवलं, प्रश्नोत्तरांच्या वेळी उभं राहायचं, फोनवरचा मूळ फोटो वर धरायचा आणि सगळ्यांसमोर विचारायचं. माझा प्रश्न आधी चार ओळींचा होता. तो एका ओळीवर आणला, तेवढं मला येतं. "या फोटोतल्या बाईला कुणी पुसलं?"

सभेच्या दिवशी मी अर्धा तास आधी पोचले. सभागृह अजून रिकामं होतं. पुढचे दिवे कसे बंद करायचे ते तिथल्या कुणालाच माहीत नव्हतं आणि पडद्यावरची स्लाइड पार धुऊन निघाली होती, रस्ता राखाडी, अक्षरंही राखाडी. नकाशेकाका लॅपटॉपसमोर दोन्ही हात पाठीमागे धरून उभे होते. मला पाहून त्यांना हायसं वाटलं. याची तयारी मी केली नव्हती.

"बरं झालं आलीस. काही वाचता येत नाहीये बघ. मला हात लावायची भीती वाटते."

"कसली भीती?"

"काहीतरी बदलेल म्हणून."

मी खुर्चीत बसले. अशा वेळी माझे हात मला न विचारता कामाला लागतात. पट्टी आणखी गडद करावी म्हणून मी तिच्यावर टिचकी मारली आणि जवळून पाहिलं, तर काळ्याच्या आत कुठेतरी नारंगी झाक होती. पट्टी जराशी पारदर्शक ठेवलेली. मी ती बोटानं बाजूला सरकवली. खाली आई होती, गुडघा टेकून, डोळे मिटून. तिला कुणी कापलं नव्हतं, फक्त झाकलं होतं.

मग मी फाइलची माहिती उघडली. कुणी काय बदललं यावरून गिऱ्हाइकांत जुंपते तेव्हा मी हेच करते. शेवटचा बदल करणाऱ्याच्या जागी आईचं नाव होतं. रविवार, संध्याकाळचे सहा पन्नास. त्यानंतर कुणीही, काहीही नाही.

मी सहाला निघाले होते. म्हणजे जिना उतरून मी बसमध्ये बसले तोवर तिनं वही उघडली असणार.

स्लाइडखाली बोलायची टिपणं लिहायला जागा असते. तिथं तिनं लिहिलं होतं: "गुडघा कसा टेकायचा, सळई कशी धरायची, ते तोंडी सांगणे. चित्रात आता दिसत नाही."

माझा नियम चुकीचा नव्हता. साहेबांच्या स्लाइड्सना तो बरोबर लागतो, तिथं मागे आकाश असतं, काचेच्या इमारती असतात. आईच्या फोटोत मात्र मागे काही नव्हतंच. जे दाखवायचं होतं ते तिचा गुडघा होता, तिचा कान होता. मी तिला तेच काढायला लावलं.

"सोमवारी सकाळी आल्या आल्या त्यांनी मला दाखवलं होतं," काका माझ्यामागून म्हणाले. "मी म्हटलं, अहो डॉक्टरीणबाई, यात तुम्ही कुठे आहात? तर म्हणाल्या, लेकीनं काढायला लावलं. तिला त्यातलं कळतं."

मी मागे वळले नाही. "मला फाइल का नाही दिलीत?"

"तू सुधारली असतीस," ते म्हणाले. "त्यांनी केलीय तशीच दाखवायची होती."

त्यांना विचारून मी एकच गोष्ट केली. पट्टी डावीकडे नेली, जिथं रस्ता रिकामा होता. ती जागा पहिल्यापासून रिकामीच होती. पट्टी गडद केली आणि शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिले. चारही ओळी वाचता येत होत्या आणि आई दिसत होती.

सभागृह भरलं. काकांनी सुरुवातच अशी केली की हे व्याख्यान माझं नाही, पत्रिकेत बोलणाऱ्याचंच नाव छापतात, मी दोनदा पत्र दिलं, कुणी ऐकलं नाही. मग टिपणांत होतं ते त्यांनी आईच्याच क्रमानं सांगितलं. गुडघ्याच्या ओळीशी आल्यावर ते थांबले, व्यासपीठावर खरोखरच एक गुडघा टेकून बसले आणि पडद्याकडे दाखवायची छडी कानाला लावली. लोक हसले. "असं बसून यांनी माझे नकाशे खोटे पाडले," ते खालूनच म्हणाले, "वीस वर्षं." उठताना त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला. तोवर हसू थांबलं होतं.

शेवटी त्यांनी पुन्हा पहिली स्लाइड लावली आणि प्रश्न विचारा म्हणाले. मी हात वर केला. माइक माझ्यापर्यंत यायला वेळ लागला. फोनवरचा फोटो तसाच उघडा होता, मी तो पालथा मांडीवर ठेवला आणि उभी राहिले.

"मी यांची मुलगी," मी म्हणाले. "फोटोतल्या बाईंची. माझा प्रश्न नाहीये. तिनंच मला एक विचारलं होतं, कसं झालंय म्हणून, आणि मी तिला फॉन्ट मोठा कर असं सांगून घरी गेले."

माइकमधून माझा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. पडद्यावर ती डोळे मिटून ऐकत होती.

"छान झालंय, आई."