कोरडा कोपरा

परसात त्या सकाळी एक पहार, एक कुदळ, दोन फावडी (त्यांतलं एक बिनदांड्याचं), गाठी मारलेला एक दोर आणि गुडघाभर खड्ड्यात उभा असलेला एक म्हातारा होता. सुनेनं काखेतली कळशी उतरवली, मग डोक्यावरचा हंडा. ओढ्यावरची ती दुसरी खेप. दारापासून ओढा चौदाशे पावलं. एकोणीस वर्षांनी ती पावलं आता पायच मोजत.

नवी नवरी असताना तिनं या परसात विहीर मागितली होती. सासऱ्याला गाव पाताळ म्हणे, कारण आसपासच्या एकतीस विहिरी त्यानं खणल्या होत्या. त्यानं परसातून एक चक्कर मारली, माती चिमटीत चोळली आणि थुंकला. इथं पाणी लागलं तर मिशा भादरीन, म्हणाला. पाताळाच्या शब्दापुढं बोलणार कोण? विषय तिथंच मिटला आणि हंडा तिच्या डोक्यावर चढला तो चढलाच.

आता हा माणूस स्वतःची कबर खणत होता. गावाच्या कबरस्तानात चिकण माती, पाऊस पडला की पाणी धरणारी. जन्म कमरेएवढ्या पाण्यात गेला, मेल्यावर तरी अंग कोरडं राहू दे, असं त्याचं म्हणणं. म्हणून परसाचा हा कोपरा. खोलीही पुरुषभर हवी. गावातली पोरं मांडीएवढं उकरून घाम पुसतात. त्यांना तो उंदरं म्हणे.

पोटच्या पोराला तर तो उंदरांतही धरत नव्हता. पोरानं जन्मात एकच खड्डा खणला होता, लिंबाच्या रोपासाठी, आणि झाड तिरकं वाढलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हातारा ते हौसेनं दाखवी.

"आबा, आत्तापासून कशाला?" पोरानं ओट्यावरून विचारलं.

"तुझ्या हाती सापडलो तर तू मला त्या लिंबासारखा पुरशील."

मढ्याच्या अंथरुणाची एवढी काळजी, आणि जित्या माणसांच्या घशासाठी यानं कधी एक कुदळ मारली नाही, हे सुनेनं मनात म्हटलं आणि मातीची पाटी वर ओढली. दोन खेपांच्या मधे हे एक नवं काम तिच्या गळ्यात पडलं होतं.

आठव्या दिवशी खड्डा छातीच्या वर गेला. माती संपून मुरूम लागला होता. त्रेसष्टावी पाटी जड आली. तिनं मुरूम मुठीत दाबला. मूठ उघडली तरी गोळा फुटला नाही. खाली कुदळ थांबली होती. थोड्या वेळानं म्हातारा शिडीवरून वर आला आणि फावड्यानं माती परत आत लोटू लागला.

"पुरुषभर म्हणाला होतात. अजून वीतभर कमी आहे," ती म्हणाली.

"मेलेल्याला वीतभरानं काय फरक पडतो?"

"लिंबाला पडला होता."

तिची नजर त्याच्या पायांवर गेली. घोट्यापर्यंत चिखल.

"घाम आहे," तो म्हणाला.

"तुमचा घाम बरा, नुसत्या तळव्यांना येतो."

तिनं पहार उचलली, पदर खोचला आणि शिडी उतरली. कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं राहत नाही, एवढं तिला खणण्याच्या विद्येशिवायही कळत होतं. पहिला घाव उडाला. दुसराही. वरून म्हाताऱ्यानं तोंड वाकडं केलं. तिसऱ्या घावाला मात्र त्याला राहवेना.

"मुसळ आहे का ते? तिरकी धर. त्या फटीत घाल, आणि अंग टाक."

तिनं अंग टाकलं.

दुपारी ती ओढ्यावर गेली नाही. खड्ड्याभोवती शेजारी जमले. एकतीस गावाच्या पदरात आणि बत्तिसावी मढ्याच्या नावानं, कोणीतरी म्हणालं. शेजारणीचंही परस तसल्याच मातीचं; तिनं पाताळाकडं पाठ करून सुनेला विचारलं की आमच्याकडं कुठं पहार घालावी. पोरगा खड्ड्यापेक्षा बापाच्या मिशांकडं जास्त बघत होता.

मापात मात्र म्हाताऱ्यानं कधी लबाडी केली नव्हती. ऊन कलल्यावर त्यानं दोराला दगड बांधला, तळाशी टेकेपर्यंत सोडला, वर ओढला आणि भिजलेल्या भागावर हात टेकवून मोजलं.

दोन वीत, चार बोटं.