नणंदेच्या गावात हॉटेल

पस्तीस वर्षांत कुसुमताईंनी नागपूर पाहिलं ते नणंदेच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून. रामटेकहून यायचं, चहा झाला की पदर खोचायचा आणि पोळ्या लाटायला बसायचं. नणंद सुभद्रा मनाने सोनं, पण घरात माणसं अकरा. यंदा ताईंनी नवऱ्याला ठणकावून सांगितलं, "एक रात्र मी हाटेलात राहीन. शहर पाहीन. मले कोणी आयता चहा आणून दिला पाहिजे."

वामनरावांना घाम फुटला. सख्खी बहीण गावात असताना हॉटेलात उतरायचं म्हणजे तिच्या तोंडाला काळं फासणंच. पण बायको हट्टाला पेटली होती.

विधिमंडळाच्या अधिवेशनाचे दिवस. सदर भागातल्या दोन हॉटेलांनी खोली नाही म्हणून हात जोडले. ताईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. केवढाले ते रस्ते, केवढी जुनी झाडं! झिरो माईलच्या खांबाजवळचे घोडे दिसले तेव्हा तर त्या ऑटो थांबवून उतरल्याच. राजधानी मुंबईला गेली, तरी ऐट इथंच राहिली होती. "इतके वर्षं हे सारं इथंच होतं?" त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरोखर वाईट वाटलं.

तिसऱ्या हॉटेलात खोली मिळाली. मॅनेजर शालिकराम यांनी आधार कार्ड पाहिलं. "रामटेकचे का? कोणापैकी?"

इथं गप्प बसायचं असतं. पण आपल्याकडच्या माणसाला कोणी ‘कोणापैकी’ विचारलं, की तो आजोबांपासून सुरुवात करतो. वामनरावांनी केली. आजोबा झाले, काका झाले, आणि ओघात महाल भागातली बहीणही सांगून झाली. शालिकराम नेमके तिच्या भिंतीला भिंत लागून राहणारे निघाले. "बहीण असून हाटेलात? काहून?" म्हणत त्यांनी तिला फोन लावलासुद्धा.

 ताई वर जाऊन खिडकीशी बसल्या. चौथ्या मजल्यावरून कस्तुरचंद पार्कमधली दगडी छत्री दिसत होती. हे सुख आता अर्ध्या तासाचं, हे त्यांना कळून चुकलं होतं.

सुभद्रा आली ती धुमसतच. "वहिनी, आमच्या घरी जागा नव्हती का? मी लोकायले काय तोंड दाखवू? उचला बॅग."

"नाही येत वं," ताई म्हणाल्या. "तुह्या घरी मले माया भेटते, पण बसायले नाही भेटत. आज मले बसायचं आहे."

 तेवढ्यात वेटर चहा घेऊन आला आणि एक कप त्याने सुभद्राच्याही पुढे ठेवला. तो हातात धरून ती बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. चहा संपल्यावर तिने चपला काढल्या, पाय पलंगावर घेतले आणि भावाकडे वळली.

"दादा, तू जा घरी. तिथं सारे पाहुण्याची वाट पाहून राहिले. मी आज वहिनीजवळ राहीन. नागपूर मीबी कुठं पाहिलं अजून?"